कारागिराचा हात आणि छिद्रांची फीत

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. वर्गात मीही आधी तेच सांगतो, कारण मुलांना ते आवडते. पण दिवाळीच्या अंकात मास्तराला थोडी मोकळीक असते. तेव्हा आज एका वेगळ्याच मुलखाचा इतिहास सांगावा म्हणतो. या मुलखात राजा नाही, तलवार नाही; आहे ती लोखंड कापणारी एक दातेरी चकती, आणि ‘हिने कुठून कुठे जायचे हे कोणी ठरवायचे?’ हा एक प्रश्न. या प्रश्नावर माणसे पाऊणशे वर्षे झगडत आली आहेत.

यंत्रशाळेत कधी पाऊल न टाकलेल्या वाचकाने घाबरून जाण्याचे कारण नाही. आपल्या स्वयंपाकघरातच या यंत्रांचे नमुने आहेत. विळीच्या खवणीवर नारळ खवताना दाते जागच्या जागी असतात आणि नारळाची वाटी फिरते. लेथची रीत ही अशी. आता दुसरी खवणी आठवा, बाजूचा दांडा फिरवला की जिचे दाते गरगर फिरतात आणि वाटी आपण नुसती दाबून धरतो. मिलिंग यंत्राची रीत ती. कटर फिरतो आणि समोरचा धातूचा तुकडा, ज्याला कारखान्यात ‘जॉब’ म्हणतात, तो टेबलासकट पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकतो. अमेरिकेत ब्राऊन अँड शार्प या कारखान्यात जोसेफ ब्राऊन याने १८६२ साली सर्व दिशांनी वळवता येणारे मिलिंग यंत्र घडवले, आणि बंदुकीपासून शिवणयंत्रापर्यंत नाना वस्तूंचे भाग मिलिंगच्या रीतीने होत.

हे टेबल सरकवायचे कोणी? कारागिराने. एक हात एका चाकावर, दुसरा दुसऱ्यावर, डोळा कटरवर आणि कान आवाजावर. सरळ रेषा कापायची तर एकच चाक फिरवून भागते. पण वळण आले की दोन्ही चाके एकाच वेळी, वेगवेगळ्या गतीने फिरवावी लागत. ही विद्या पुस्तकात नव्हती. ती वस्तादाच्या मनगटातून शागिर्दाच्या मनगटात उतरे.

हातातले कसब हाताबाहेर काढून एखाद्या वस्तूवर नोंदवून ठेवण्याची कल्पना मात्र धातूच्या कामातून आली नाही, ती विणकामातून आली. फ्रान्समधल्या लियाँ शहरी जाकार नावाच्या गृहस्थाने १८०४ च्या सुमारास असा माग सिद्ध केला की, नक्षी विणकराच्या डोक्यात नसून जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर छिद्रांच्या रूपाने असे. छिद्र आले की त्या जागचा धागा उचलला जाई, नसले की खाली राही. ज्यांच्या घरी सोलापुरी चादर आहे त्यांनी आज ती जरा निरखून पाहावी. तिच्यावरची नक्षी या जाकार पद्धतीच्या मागावरच उतरलेली असते. लियाँच्या विणकरांनी त्या मागाला कडाडून विरोध केला. आपली भाकरी त्या छिद्रांतून गळून जाणार, ही त्यांची भीती.

आता दीडशे वर्षे पुढे आणि एक महासागर ओलांडून अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात येऊ. तिथे जॉन पार्सन्स हा कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवी. याच्यापाशी महाविद्यालयाची पदवी नव्हती. माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या माणसाला ही गोष्ट सांगताना थोडा आनंद होतो, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

पात्याचा छेद मोठा नाजूक असतो. पुढे गोलसर, मागे निमुळता. नकाशावर त्या वळणाचे मोजके बिंदू दिलेले असत आणि मधली रेषा कारागिराने अंदाजाने जुळवून घ्यायची असे. पार्सन्सचा सहकारी फ्रँक स्ट्युलेन याने यावर नामी तोड काढली. त्या काळी कचेऱ्यांतून हिशेबासाठी छिद्रांच्या कार्डांवर चालणारी यंत्रे असत. त्याने अशा यंत्राकडून वळणावरच्या दोनशे बिंदूंची गणिते करून घेतली. मग कारखान्यात एक माणूस आकडे मोठ्याने वाची, दुसरा एक चाक त्या आकड्यावर आणी, तिसरा दुसरे चाक. आणि कटर त्या बिंदूवर खाली उतरे. पुढचा आकडा, पुढचा बिंदू. मधले उंचवटे शेवटी कानशीने घासून काढायचे. शाळेतल्या पाढ्यांच्या तालावर लोखंड कापले जावे, तसा तो प्रकार.

पार्सन्सच्या मनात आले, आकडे कार्डावर आहेतच, तर ओरडणारा माणूस मध्ये कशाला? कार्डानेच चाके फिरवावीत. अमेरिकेच्या वायुदलाला नव्या विमानांचे पंख सलग धातूतून कोरून हवे होते. त्यांनी १९४९ साली पार्सन्सला काम दिले. मोटारी अचूक फिरवण्याचे शास्त्र जाणणारी मंडळी हवीत म्हणून तो बोस्टनजवळच्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडे गेला. तिथल्या पंडितांनी त्याची कल्पना उचलली आणि पुष्कळ पुढे नेली. बिंदूबिंदूंवर टोचत जाण्याऐवजी कटर अखंड रेषेत चालावा अशी योजना त्यांनी केली. सप्टेंबर १९५२ मध्ये त्यांनी आपले यंत्र लोकांना दाखवले. छिद्रे पाडलेली कागदी फीत एका बाजूने आत जाई, निर्वात नळ्यांनी भरलेली कपाटे ती वाचीत, आणि माणसाचा हात न लागता यंत्राच्या तिन्ही दिशांच्या हालचाली होत. तोवर वायुदलाने थेट विद्यापीठाशीच व्यवहार जमवला होता आणि पार्सन्स बाजूला पडला होता. पुढे १९५८ साली त्याला पेटंट मिळाले, आणि १९८५ साली त्याला व स्ट्युलेनला राष्ट्रीय पदकही मिळाले. उशिरा का होईना, न्याय झाला.

पण खरी अडचण पुढेच होती. यंत्र झरझर कापी. मात्र त्याला भरवायची फीत तयार करायला गणितज्ञ माना मोडून बसत. याचे कारण समजण्याजोगे आहे. लहान मूल विहिरीच्या कठड्याला हात लावून बाहेरून फेरी मारते, तेव्हा त्याची पावले कठड्यावरून जात नाहीत, हातभर अंतरावरून जातात. कटरचेही तसेच. त्याला जाडी असते. आपल्याला हवी ती रेषा त्याच्या कडेने कापली जाते, आणि यंत्राला सांगायची असते त्याच्या मध्याची वाट. कडा आणि मध्य यांतले अंतर प्रत्येक वळणावर हिशेबात धरायचे. शिवाय कोपरा कटरच्या गोलाईपेक्षा अरुंद असेल तर तो आत शिरणारच नाही. तिथे बारीक कटर घ्यायचा आणि पुन्हा नवी वाट मोजायची.

हे ओझे उतरवले डग्लस रॉस या तरुण गणितज्ञाने. १९५६ पासून तो व त्याचे सहकारी ‘एपीटी’ नावाची एक भाषा रचू लागले. तिची युक्ती आपल्याकडे खेड्यात वाट सांगतात तशी आहे. “मारुतीच्या देवळापासून नीघ, ओढा डाव्या हाताला ठेव, वडाचा पार आला की उजवीकडे वळ.” असे सांगणारा पावले मोजून देत नाही. रॉसच्या भाषेतही कटरला तीन गोष्टी सांगायच्या: कोणत्या पृष्ठाच्या कडेने चालायचे, पायाखाली कोणते पृष्ठ, आणि कुठे पोचल्यावर थांबायचे. पावलांचा हिशेब संगणक करी. फेब्रुवारी १९५९ मध्ये ही करामत वार्ताहरांना दाखवली गेली आणि या रीतीने कोरलेली ॲल्युमिनमची राखदाणी त्यांना भेट मिळाली. वायुदलाच्या तोंडी युद्धाच्या गोष्टी आणि हातात राखदाणी, याची वर्तमानपत्रांनी थट्टाही केली!

याच काळात दुसरी एक वाट उपलब्ध होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९४६-४७ च्या सुमारास असे यंत्र केले होते की, कसबी कारागिराने पहिला जॉब हाताने करायचा, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जायच्या, आणि पुढचे जॉब यंत्राने त्या फितीवरून करायचे. म्हणजे ध्वनिमुद्रिकाच, गवयाचा गळा कायम. ही वाट मागे पडली. का? डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहून सांगितले की, मालकांना कामाची सूत्रे कारागिराच्या हातून काढून कचेरीत न्यायची होती, हे मोठे कारण. उलट बाजूचे म्हणणे असे की, विमानाचे जे आकार हवे होते ते कोणाच्याच हाताने साधण्यासारखे नव्हते. मग नोंदायचे काय? मला दोन्हींत तथ्य दिसते. पण पहिली गोष्ट नजरेआड करू नये. वाट शोधणारा आणि वाट चालवणारा हे दोघे निराळे झाले, आणि पगारात व मानात त्यांच्यात अंतर पडले, ते इथून.

पुढची प्रगती वेगाने झाली. फ्रान्सच्या रेनो कारखान्यात पिअर बेझिए याने मोटारीच्या देहाची वळणे गणितात पकडली. टोकाचे दोन बिंदू रेषेवर असतात, मधले दोन तिला लोहचुंबकासारखे आपल्याकडे ओढतात. बिंदू हलवला की वळण हलते. त्याची ‘युनिसर्फ’ पद्धती १९६८ च्या सुमारास कामाला लागली. मग पडदे आले, स्वस्त संगणक आले, आणि आज ‘कॅम’ नावाचे सॉफ्टवेअर आपल्या औद्योगिक वसाहतींतल्या लहानशा शेडमध्येही आढळते. पडद्यावर वस्तूचे चित्र ठेवायचे. आधी जाड कटरने ओबडधोबड काढायचे, मग बारीकने साफ करायचे. दोन फेऱ्यांत अंतर किती, गती किती हे सांगायचे. सगळी चाल पडद्यावर एकदा पाहून घ्यायची. मग त्या वाटेचे यंत्राच्या बोलीत रूपांतर होते. तिला जी-कोड म्हणतात.

या बोलीत एक गंमत उरली आहे. कार्यक्रमाच्या शेवटी अजूनही ‘एम ३०’ अशी आज्ञा लिहितात. तिचा मूळ अर्थ, काम संपले, आता फीत गुंडाळून पुन्हा आरंभाला आण. कागदी फीत केव्हाच गेली, पण तिला गुंडाळण्याची आज्ञा रोज हजारो यंत्रांना मिळते. भाषा शिकवणाऱ्या माणसाला याचे नवल वाटणार नाही. आपणही दिवा मालवतो तो फुंकर न घालता, बटण दाबूनच.

माझा एक जुना विद्यार्थी कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत अशा यंत्रावर आहे. वर्गात तो भूमितीला भीत असे. आज त्रिमितीत वावरतो. एकदा मी त्याला विचारले, “सगळे संगणक सांगतो, तर तू काय करतोस रे?” तो म्हणाला, “सर, संगणकाला वाट कळते. पण कटर बोथट झाला की आवाज बदलतो, बिडात कठीण गाठ लागली की टेबल थरथरते. तेव्हा गतीच्या बटणावर माझाच हात असतो.” पुढे म्हणाला, “कॅमवर बसणाऱ्या साहेबांनी आधी दोन वर्षे मशीन चालवलेले असले, की त्यांचे प्रोग्रॅम चांगले येतात. कुठे घाई करू नये हे त्यांना ठाऊक असते.”

मला वाटते, या साऱ्या इतिहासाचे मर्म त्याच्या बोलण्यात आले. वस्तादाच्या मनगटातली विद्या कार्डावर गेली, फितीवर गेली, भाषेत गेली, पडद्यावर गेली. दर वेळी कोणाला तरी वाटले की आता हाताचे काम संपले. आणि दर वेळी पलीकडच्या टोकाला, आवाज ऐकणारा एक माणूस लागलाच. त्या माणसाला आपण केवळ बटण दाबणारा समजलो, तर त्याचे नुकसान होईलच, पण ती विद्या नव्याने जन्मते ती जागाच आपण बंद करू.

दसऱ्याला कारखान्यांत यंत्रांना झेंडूची माळ घालतात, कानशीला आणि पान्याला हळदकुंकू लावतात. अलीकडे शेजारच्या संगणकालाही एक बोट कुंकू मिळते. पूजा करणाऱ्याला या दोहोंत फरक वाटत नाही. आपल्याच घरातला कोणी मुलगा, कोणी मुलगी दिवाळीच्या चार दिवसांसाठी कारखान्यातून आली असेल, तर फराळाचे ताट पुढे ठेवून त्यांना जरूर विचारा, “तुझे मशीन बिघडायच्या आधी तुला कसे कळते?” उत्तर पडद्यावर दिसणाऱ्या वाटेपेक्षा लांबलचक येईल, ते पुरते ऐकून घ्या.