सागरी कणांचे प्रकाशीय मापन

सागरी कणांचे प्रकाशीय मापन : समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या कणांमुळे प्रकाश किती अडतो आणि किती विखुरतो हे मोजून, त्यावरून त्या कणांच्या प्रमाणाचा अंदाज बांधण्याची पद्धत. नदीने आणलेला गाळ, तळावरून उसळलेली माती, वनस्पतिप्लवक, जीवाणू, प्राणिप्लवकांची विष्ठा, मेलेल्या जीवांचा चुरा आणि वाळवंटातून वाऱ्याबरोबर आलेली धूळ या सर्वांना येथे ‘कण’ म्हणतात. काचतंतूंच्या गाळणीवर, म्हणजे साधारण ०.७ मायक्रोमीटर छिद्रांवर, जे अडते ते कण आणि जे आरपार जाते ते विरघळलेले, असा संकेत आहे. ही सीमा कामाच्या सोयीसाठी आखलेली आहे. समुद्रातले पुष्कळ जीवाणू या गाळणीतून सहज निसटतात, प्रकाशाला मात्र ते जाणवतात.

महासागराच्या खोल, निवळ पाण्यात एका लिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅमच कण असतात. पावसाळ्यात नदीच्या मुखाशी हेच प्रमाण शेकडो मिलिग्रॅमपर्यंत जाते. ते मोजण्याची मूळ रीत सरळ आहे : ठरावीक खोलीवरून बाटलीत पाणी भरून आणायचे, आधी तोललेल्या गाळणीतून गाळायचे, मीठ धुऊन काढायचे, गाळणी वाळवून पुन्हा तोलायची. या रीतीने वजन खरे कळते, पण ते एका जागेचे, एका खोलीचे आणि एका क्षणाचे. कोकणातल्या खाडीत उधाणाच्या दिवसांत पाणी जितके गढूळ होते तितके भांगाच्या दिवसांत होत नाही, आणि एकाच दिवसात भरती-ओहोटीबरोबर त्याचा रंग तासातासाला पालटतो. बाटल्यांनी हा पाठलाग करता येत नाही. प्रकाशावर चालणारे उपकरण सेकंदाला अनेक नोंदी घेते; तारेला बांधून खाली सोडले की पृष्ठभागापासून तळापर्यंतचे चित्र एका फेरीत हाती येते.

तत्त्व : पाण्यातून जाणाऱ्या किरणशलाकेचा काही भाग शोषला जातो, काही भाग विखुरतो (प्रकीर्णन). दोन्ही मिळून होणाऱ्या घटीला क्षीणन म्हणतात. क्षीणनमापकात एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला प्रकाशग्राहक असतो. मध्ये बहुधा २५ सेंटीमीटर पाणी. दिव्यासाठी ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा तांबडा प्रकाश निवडतात, कारण पाण्याला पिवळसर छटा देणारी विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये निळा प्रकाश भरपूर शोषतात, तांबडा जवळपास नाही. त्यामुळे शुद्ध पाण्याचा वाटा वजा केला की उरलेली घट कणांच्या नावावर टाकता येते. या अंतरात शुद्ध पाणी सुमारे ९१ टक्के प्रकाश पुढे जाऊ देते. समजा एका जागी ८० टक्केच प्रकाश पोहोचला, तर एकूण क्षीणन दर मीटरला ०.८९ येते, त्यातून पाण्याचे ०.३६ वजा केले की कणांमुळे झालेले क्षीणन ०.५३ उरते. किनाऱ्याजवळ १ ग्रॅम कणांमागे साधारण अर्धा चौरस मीटर क्षीणन आढळते. तो आकडा धरला तर या पाण्यात लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम कण आहेत.

या हिशेबातला शेवटचा टप्पा सर्वांत कच्चा आहे. प्रकाशाला कणाचे वजन कळत नाही, त्याचा आडवा छेद कळतो. व्यास दुप्पट झाला की छेद चौपट होतो आणि वजन आठपट. म्हणून तेवढ्याच वजनाचे बारीक कण जाड कणांपेक्षा कितीतरी अधिक प्रकाश अडवतात. ५ मायक्रोमीटरची चिकणमाती आणि १०० मायक्रोमीटरची बारीक रेती सारख्याच वजनाची घेतली, तर मातीचे क्षीणन रेतीच्या सुमारे वीसपट भरते. लाटांनी तळाची रेती उचलली असताना, पाण्यात थोडासाच चिखल मिसळलेला असला तरी उपकरण मुख्यतः चिखलच सांगते आणि रेती जवळजवळ गाळूनच टाकते. वाळूची हालचाल मोजू पाहणाऱ्याने हे विसरले तर सगळा हिशेब फसतो.

निसर्गात एक गोष्ट मापकाच्या पथ्यावर पडते. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून सैल पुंजके बनतात. पुंजका जितका मोठा तितका तो पोकळ, आत पाण्याने भरलेला. त्याची घनता उतरत जाते. त्यामुळे आकार वाढला तरी छेद आणि वजन यांचे गुणोत्तर घट्ट गोळ्याइतके झपाट्याने बदलत नाही. चिखलाळ किनाऱ्यांवर प्रकाशीय मापन अपेक्षेपेक्षा बरे जुळते, त्यामागे हे मोठे कारण आहे.

दुसरी अडचण उपकरणाच्या घडणीतली. मोठ्या कणांनी विखुरलेला बराचसा प्रकाश मूळ दिशेपासून जेमतेम काही अंश ढळतो आणि ग्राहकाच्या डोळ्यात शिरतोच. उपकरण त्याला ‘न अडलेला’ समजते. ग्राहकाचा कोन जितका रुंद, तितके क्षीणन कमी दिसते. म्हणून दोन वेगळ्या बनावटींची उपकरणे एकाच पाण्यात बुडवली तर आकडे वेगळे येतात. कोन न सांगता दिलेला क्षीणनाचा आकडा दुसऱ्या कोणाला तुलनेसाठी वापरता येत नाही.

पूर्वेतिहास : १८६५ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ व जेझुइट धर्मगुरू आंजेलो सेक्की यांनी पोपच्या नौदलाच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात तबकड्या सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते पाहिले. सागरी कामासाठी पुढे रुळलेली तबकडी पांढरी व ३० सेंटीमीटर व्यासाची असते. दोरी, तबकडी आणि माणसाचा डोळा एवढ्यावर भागणारे हे साधन आजही वापरात आहे, आणि दीड शतकाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतात हे त्याचे मोल. अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात १९८६ मध्ये ही तबकडी ७९ मीटरपर्यंत दिसली होती. गढूळ खाडीत ती हातभर खोलीवरच नाहीशी होते.

निव्वळ पाणीही प्रकाश विखुरते, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवले. १९२१ मध्ये इंग्लंडहून ‘नारकुंडा’ जहाजाने परतताना त्यांनी निकल लोलकातून समुद्र न्याहाळला आणि पाण्याचा निळा रंग आकाशाचे प्रतिबिंब नाही असा निष्कर्ष काढला. त्यावरचे टिपण जहाज मुंबई बंदरात पोहोचताच ‘नेचर’कडे रवाना झाले. कणांचा वाटा काढण्यासाठी पाण्याचा वाटा वजा करावा लागतो, त्या वजाबाकीची पायाभरणी या विचारात आहे. १९४७-४८ मधील स्वीडनच्या ‘आल्बाट्रॉस’ मोहिमेत निल्स येर्लोव्ह यांनी प्रकीर्णनावरून महासागरांतील कणांची वाटणी पाहिली. १९६५ मध्ये मॉरिस यूइंग व एडवर्ड थॉर्नडाइक यांनी खोल समुद्रात कॅमेरा सोडून, तळालगत शेकडो मीटर जाडीचा धूसर थर असल्याचे दाखवले. ‘ढग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून अशा थराला ‘नेफेलॉइड’ थर म्हणतात.

पश्चप्रकीर्णन : कणांवरून मागे परतणारा प्रकाश मोजणारी उपकरणे आटोपशीर असतात आणि फार गढूळ पाण्यातही चालतात, क्षीणनमापकाच्या ग्राहकापर्यंत तेथे उजेडच पोहोचत नाही. शिवाय या प्रकाशातून कणांची जातही ओळखता येते. प्लवकांच्या पेशी पाण्याने भरलेल्या असल्याने त्यांचा प्रणमनांक पाण्याहून किंचितच अधिक असतो. त्यांनी विखुरलेल्या प्रकाशापैकी मागे येणारा भाग जेमतेम अर्धा ते एक टक्का. खनिज कणांचा हाच भाग दोन-तीन टक्क्यांपर्यंत जातो. क्षीणन आणि पश्चप्रकीर्णन ही दोन्ही मापने शेजारीशेजारी घेतली तर पाणी मातीने गढूळ आहे की प्लवकांनी, याचा अंदाज येतो.

उपग्रहांवरील रंगमापक याच परतलेल्या प्रकाशावर चालतात. १९७८ मध्ये ‘निंबस-७’ उपग्रहावर असा पहिला मापक गेला. भारताचा ‘ओशनसॅट-१’ २६ मे १९९९ रोजी आणि ‘ओशनसॅट-३’ २६ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रक्षेपित झाला. उपग्रहाला मिळणाऱ्या प्रकाशातला सुमारे नऊदशांश भाग हवेतूनच आलेला असतो. तो वजा केल्यावर उरते ते केवळ वरच्या थराचे चित्र. भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आणखी एक अडचण सोसावी लागते : नद्या गाळ घेऊन येतात ते जून ते सप्टेंबर हे महिने नेमके ढगांचे असतात. ती उणीव पाण्यातल्या उपकरणांनीच भरून निघते. २००० मीटरपर्यंत बुडून साधारण दर दहा दिवसांनी वर येणारे काही आर्गो तरंगक आता ७०० नॅनोमीटरचे पश्चप्रकीर्णन मोजतात. महिनोन्‌महिने पाण्यात राहिलेल्या काचेवर शेवाळ आणि बारनॅकल धरतात, म्हणून किनाऱ्याजवळच्या उपकरणांना काच पुसणारा ब्रश किंवा तांब्याची झडप बसवावी लागते.

अरबी समुद्रातला थर : अरबी समुद्रात साधारण २०० ते ४०० मीटर खोलीवर, तळापासून कितीतरी वर, क्षीणन एकाएकी वाढलेले आढळते. वाढीला पुरेल इतका सूर्यप्रकाश तेथे पोहोचत नाही, म्हणून प्लवकांची वाढ हे कारण नव्हे. हा थर ऑक्सिजन जवळजवळ संपलेल्या पाण्यात असतो, आणि नायट्राइटही तेथेच साचलेले असते. गोव्याच्या दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सय्यद वाजिह अहमद नक्वी व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या थराचा संबंध तेथील जीवाणूंच्या वेगवान चयापचयाशी आणि नायट्रेटपासून नायट्रोजन वायू बनण्याच्या प्रक्रियेशी जोडला. धूसरपणा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे क्षीणनमापकाने दाखवले. तो कशाचा आहे हे ठरवायला त्याच खोलीवरून बाटल्यांत भरून आणलेले पाणी लागले.