रापण, पर्ससीन आणि काकांची बांधलेली बोट

गेल्या फेब्रुवारीत वीकेंडला रत्नागिरीला गेलो होतो. मित्राच्या वडिलांची मिरकरवाड्यात पर्ससीनची बोट आहे. म्हटलं काकांबरोबर समुद्रात जाऊ, फोटोबिटो काढू. तर बोट जेटीला बांधलेली आणि जाळं ताडपत्रीखाली.

काका मूळचे मालवणकडचे. त्यांचे वडील रापणकर. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीतून अर्धगोलात टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर पन्नास-साठ जणांनी वाळूवरून खेचायचे. गंमत म्हणजे हे जाळं एकाचं नसायचंच! घरोघरचे तुकडे जोडून ते व्हायचं, आणि मासळीचेही तसेच वाटे. दोराला हात लावणाऱ्या म्हाताऱ्यालाही कालवणापुरते बांगडे मिळायचे.

मला वाटायचं, इंजिन आलं आणि जुनं गेलं, संपली गोष्ट. पण इंजिनाबरोबर मालकीही बदलली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. १९५३ मध्ये केरळात इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला, मग कोळंबीची निर्यात, ट्रॉलर, सरकारी कर्जं. कर्ज मिळणार एका माणसाला, म्हणजे बोटही त्याचीच. १९७० च्या दशकात कर्नाटक-गोव्यात पर्ससीन आली. थवा दिसला की वेढा घालायचा, खालचा दोर खेचला की जाळं बटव्यासारखं मिटतं. अख्खा थवा आत. किनाऱ्यावर दोर धरून उभे असलेल्यांनी काय करायचं? गोव्यात रापणकार रस्त्यावर उतरले, माथानी साल्ढाणा त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक. महाराष्ट्रात १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. (त्याच वर्षी सिंधुदुर्ग रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याआधी हे सगळं एकाच जिल्ह्यातलं भांडण होतं.)

काकांनी रापणीतला वाटा सोडला, कर्ज काढलं आणि इकडे आले. काही वर्षं चांगली गेली. मग एवढ्या बोटी झाल्या की सोमवंशी समितीने २०१२ मध्ये पर्ससीनचे परवाने ४९४ वरून टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायला सांगितले. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीत पर्ससीन सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच. हद्द १२ सागरी मैलांची, पुढचा समुद्र केंद्राचा. त्यामुळे जानेवारीनंतर आत सापडलेली बोट 'बाहेरून येतेय' म्हणणार, हे उघड आहे. असला लूपहोल आमच्या टेस्टिंगमध्ये पहिल्या दिवशी सापडला असता. असो.

काकांना म्हटलं, तुमच्याच लोकांनी रापण बुडवली ना? रागावतील असं वाटलं होतं. ते जाळ्याकडे बघत म्हणाले, "बापाशीन दोर ओढल्यान, मी हप्ते ओढतंय. तेच्या दोराक पन्नास हात होते रे."

रात्री काकूंनी बांगड्याचं तिखलं केलं. बांगडे बाजारातून विकत आणले होते.