उपकर आणि उपकार

गोव्यातल्या बहुतेक घरांचे मुंबईशी काही ना काही नाते असतेच. कुणाचा मामा गिरगावात, कुणाची आत्या ताडदेवला, कुणाचे आजोबा धोबीतलावच्या कुडात राहून बोटीवर गेलेले. त्यामुळे मुंबईच्या जुन्या चाळींची गोष्ट ही थोडीफार आपलीही गोष्ट आहे, असे मी मानतो. आज लिहायचे आहे ते या चाळींच्या डागडुजीविषयी आणि त्यासाठी बसवलेल्या एका कराविषयी.

माझी मावशी गिरगावातल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायची. दोन खोल्या, समोर सामाईक गॅलरी, टोकाला संडास. तिच्या भाडेपावतीवर दोन आकडे असत. एक भाड्याचा आणि दुसरा 'रिपेअर सेस'चा. पुढे त्या गॅलरीला टेकू लागले, मग सरकारी कंत्राटदार आला, सडलेल्या तुळया निघाल्या आणि लोखंडी गर्डर बसले. चाळीतली म्हातारी मंडळी तेव्हा म्हणू लागली, "सरकारचे उपकार झाले हो!" मला हा शब्द खटकायचा. पावतीवर शब्द होता 'सेस', म्हणजे मराठीत उपकर. एका कान्याच्या फरकाने हक्काचे दान होऊन जाते!

ही गोष्ट सुरू होते युद्धकाळात. मुंबईत घरांची टंचाई होती आणि घरमालक मनमानी भाडे मागत. म्हणून सरकारने भाड्यांवर बंधन घातले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच 'प्रमाणभाडे' ठरवले. गिरणी कामगार, कारकून, शाळामास्तर अशा लाखो लोकांना या कायद्याने डोक्यावर छप्पर दिले, हे विसरून चालणार नाही. कायदा तात्पुरता म्हणून आला होता. पण मुदतवाढ मिळत मिळत तो पन्नास वर्षे टिकला.

या काळात चुना, सिमेंट, सागवान, गवंड्याची मजुरी, सगळे महाग झाले. भाडे मात्र १९४० च्या जागीच राहिले. महिन्याला दहा-वीस रुपये भाडे घेणारा मालक गच्ची गळायची थांबवणार तरी कशातून? सगळेच घरमालक काही शेठ नव्हते. वडिलांनी बांधलेल्या चाळीतच एका खोलीत राहणारी, भाड्याच्या चार पैशांवर दिवस काढणारी म्हातारी माणसेही त्यांच्यात होती. मालकाने हात वर केले, भाडेकरूला वाटे घर आपले नाही, मग खर्च का करावा? या ओढाताणीत समुद्राच्या खाऱ्या हवेने लाकूड आणि लोखंड खाल्ले. पावसाळा आला की घरे कोसळू लागली आणि माणसे मरू लागली.

अखेर सरकारने बेडेकर समिती नेमली आणि १९६९ साली इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला. त्यामागची कल्पना आजही मला मोठी वाटते. मूळ शहरातल्या, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या भाड्याच्या इमारतींवर एक उपकर बसवायचा. महापालिकेने तो घरपट्टीबरोबर गोळा करायचा, मालकाने त्याचा मोठा वाटा भाडेकरूंकडून घ्यायचा, त्यात सरकारने आणि पालिकेने आपली भर घालायची आणि त्या एका गंगाजळीतून जी इमारत सर्वांत धोक्यात असेल तिची दुरुस्ती आधी करायची. आपल्या गावात देवळाच्या जत्रेला किंवा तळ्याच्या बांधाला घरटी वर्गणी काढतात ना, तसेच हे. फरक एवढाच की वर्गणी सक्तीची होती आणि बांध कुणाचाही फुटला तरी पैसा सगळ्यांचा होता.

इमारतींचे वयाप्रमाणे तीन वर्ग पाडले. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात आणि पुढे ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात. एकूण १९,६४२ इमारती. त्यांतल्या १६,५०२ एकट्या 'अ' वर्गातल्या. दुरुस्ती झाली की त्या इमारतीचा उपकर वाढत असे. पुढे १९७७ साली हे काम 'म्हाडा'कडे गेले.

मग तरीही चाळी पडत का राहिल्या? लाचखोरी, ढिलाई, वाईट कंत्राटे ही उत्तरे आपल्या जिभेवर असतातच. पण खरी मेख हिशेबात होती. हा उपकर इमारतीच्या करपात्र मूल्यावर आकारला जाई. करपात्र मूल्य ठरे वर्षाच्या भाड्यावरून. आणि भाडे? ते तर १९४० साली गोठलेले! म्हणजे ज्या कारणाने घरे मोडकळीला आली, त्याच कारणाने दुरुस्तीची पेटीही अर्धी रिकामी राहिली. सिमेंट आजच्या भावाने आणि वर्गणी आजोबांच्या काळातल्या भाड्यावर, अशी ही तऱ्हा.

म्हणून कायद्यात दर चौरस मीटरला खर्चाची मर्यादा घातली गेली. खर्च त्या मर्यादेबाहेर जात असेल तर वरचे पैसे रहिवाशांनी भरायचे, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरून रिकामी करायची. रिकामी झाली की संक्रमण शिबिर. नाव 'संक्रमण', पण तिथे माणसांची उभी हयात गेली. पेन्शनीवरच्या, विधवा, मुले दूर गेलेल्या माणसांना वरचे पैसे भरणे जमत नसे. आयुष्यभर उपकर भरून ऐन गरजेच्या वेळी दार बंद झाले ते त्यांच्यासाठी. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळून ३३ जण गेले. इमारत धोकादायक ठरलेली होती, तरी माणसे आत राहत होती.

दरम्यान उत्तरे बदलत गेली. १९८६ साली कायद्यात नवे प्रकरण आले: सत्तर टक्के रहिवासी सहकारी संस्था करून पुढे आले तर सरकारने इमारत संपादन करून त्यांना द्यावी आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट मोबदला द्यावा. मालक न्यायालयात गेले. तो वाद वाढत वाढत सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपुढे पोचला आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निकाल झाला की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. चाळीच्या गळक्या छपरातून निघालेला प्रश्न राज्यघटनेच्या ३९ व्या कलमापर्यंत गेला, याचे मला नवल वाटते. त्याआधी १९९७ साली याच न्यायालयाने गोठलेले भाडे अन्यायकारक ठरवले होते. मग १९९९ चा नवा कायदा आला, वर्षाला चार टक्के वाढ मिळाली आणि पागडीला कायद्याची मान्यता मिळाली. पण तोवर फार उशीर झाला होता.

१९९१ पासून ३३(७) या नियमाखाली बिल्डर आले. जुनी चाळ पाडायची, रहिवाशांना फुकट फ्लॅट द्यायचा आणि वाढीव बांधकाम बाजारात विकायचे. दुरुस्तीची जागा पुनर्विकासाने घेतली. जिथे भाव चांगला तिथे टॉवर उभे राहिले, बाकीच्या ठिकाणी टेकू. आणि टॉवरमध्ये गेलेल्या म्हाताऱ्यांपुढे नवा प्रश्न आला तो लिफ्टच्या आणि पाण्याच्या पंपाच्या मासिक खर्चाचा. तरीही आज तेरा हजारांच्या आसपास इमारती या उपकराच्या छत्राखाली उभ्या आहेत.

आपल्या गोव्यातही १९६८ साली भाडेनियंत्रणाचा कायदा आला. पणजी-मडगावच्या जुन्या भाड्याच्या घरांत मालक-भाडेकरूंची तीच रस्सीखेच दिसते. पण गंगाजळी काढून घरे सावरावीत असा प्रयोग इथे झाला नाही. कौले सरकली, भिंतीला ओल आली, की ज्याचे त्याने पाहावे. मुलगा आखातात किंवा लंडनला असेल तर घर सावरते, नाहीतर कुलूप लागते.

मुंबईचा उपकर अपुरा पडला, पण त्यामागचा विचार फसला असे मी म्हणणार नाही. पडके घर हे एकट्या म्हाताऱ्या माणसाचे दुर्दैव नसून गावाचे काम आहे, हे त्याने कायद्याच्या भाषेत लिहून ठेवले. असा कर पुन्हा कुठे बसवायचाच असेल तर त्याची नाळ आजच्या खर्चाशी जोडा, आणि ज्याला वरचे पैसे भरता येत नाहीत त्याचा विचार सर्वांत आधी करा. मग त्या पैशांतून छप्पर शाकारून मिळालेल्या माणसाला कुणापुढे हात जोडावे लागणार नाहीत.