आतड्याचा सांगावा

उज्जैनच्या देवास गेट बसस्थानकाबाहेर सकाळी पोह्यांच्या गाड्या लागतात. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर पोह्यांची परात, वर मूठभर शेव, बारीक चिरलेला कांदा, लिंबू आणि शेवटी चिमटीने भुरभुरलेलं जीरावन. त्यात जिरं, धणे, आमचूर असतं, तसं काळं मीठही. म्हणजे मीठ पोह्यांत, शेवेत आणि वरून पुन्हा. इंदूरची बस सुटायच्या आत प्लेट रिकामी होते आणि ते मीठ आतड्यातून रक्तात उतरू लागतं. जास्तीचं मीठ लघवीवाटे काढून टाकायचं काम मूत्रपिंडांचं. पण मीठ आल्याची वर्दी त्यांना कोण देतं?

रक्तच देतं, हे जुनं उत्तर. मिठामागे पाणी धरून राहतं, रक्ताचं आकारमान वाढतं, मीठ राखून ठेवायला लावणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक घटतं आणि मूत्रपिंडं मीठ सोडू लागतात. हे आजही खरं आहे. मात्र १९७५ मध्ये लेनेन, पीअर्ट आणि सहकाऱ्यांनी मिठाविना ठेवलेल्या सशांना तेवढंच मीठ एकदा तोंडावाटे आणि एकदा शिरेतून दिलं. तोंडावाटे दिलं तेव्हा लघवीतून जास्त मीठ बाहेर पडलं. त्याच गटातल्या रॉबर्ट केरी यांना १९७८ मध्ये माणसांतही तसंच आढळलं. मीठ रक्तात पुरतं मिसळण्याआधीच पोटातून कुणीतरी निरोप धाडत असावं, असा संशय त्यातून आला. निरोप्या मात्र सापडेना.

तो सापडला भलत्याच वाटेने, जुलाबाच्या अभ्यासातून. ई. कोलाय या जंतूच्या काही जाती एक विष सोडतात. ते इतकं चिवट की उकळल्यानेही नष्ट होत नाही. १९७८ मध्ये कळलं की हे विष आतड्याच्या पेशींत सायक्लिक जीएमपी नावाचा रेणू वाढवतं. मग क्षार आणि पाणी आतड्याच्या पोकळीत ओतलं जातं आणि माणूस जुलाबाने गळून जातो. १९९० मध्ये या विषाला धरून ठेवणारा ग्राहक-रेणूही हाती आला. आता प्रश्न असा, की आपल्या आतड्याने जंतूच्या विषासाठी जागा राखून का ठेवावी? जागा कुणा घरच्याचीच असणार, जंतूने फक्त त्याची नक्कल केली असणार. या कुळकथेतला मला सर्वांत आवडणारा टप्पा हाच: नक्कल आधी सापडली, अस्सल मागाहून.

अस्सल शोधलं मार्क करी आणि सहकाऱ्यांनी, १९९२ मध्ये. उंदराच्या आतड्याचा अर्क त्यांनी माणसाच्या आतड्याच्या कर्कपेशींवर टाकून पाहिला. सायक्लिक जीएमपी वाढलं. अर्कातून वेगळा काढलेला पदार्थ निघाला अवघ्या पंधरा अमिनो आम्लांचा. त्याचं नाव ग्वानिलिन.

मिसुरी विद्यापीठातले लेनर्ड फोर्ट यांच्याकडे दुसरा धागा होता. ओपॉसम म्हणजे पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा अमेरिकेतला प्राणी. त्याच्या मूत्रपिंडातही ते जुलाबाचं विष चिकटतं, हे त्यांनी पाहिलं होतं. तिथे जंतू नाहीत, जुलाब नाहीत, मग ग्राहक कशाला? १९९३ मध्ये ओपॉसमच्या लघवीतून ग्वानिलिनचा सख्खा भाऊ निघाला: युरोग्वानिलिन. तो आतड्यात तयार होतो, रक्तातही उतरतो. मूत्रपिंडाच्या नलिकांना तो मीठ परत शोषू देत नाही, ते लघवीत जाऊ देतो. २००३ मध्ये युरोग्वानिलिनचं जनुक काढून टाकलेले उंदीर तपासले, तेव्हा पोटात दिलेलं मीठ त्यांना नीट बाहेर टाकता येईना आणि त्यांचा रक्तदाबही चढलेला होता.

या कुळाची एक शाखा आपल्या देशातही आली. नॉर्वेतल्या एका कुटुंबातल्या ३२ जणांना पिढ्यान्‌पिढ्या जुलाबाचा त्रास होता. त्यांचा तो ग्राहक-रेणू जनुकातल्या एका बदलामुळे गरजेपेक्षा जास्त चेतवला जात होता. २०१२ च्या या शोधनिबंधात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संध्या विश्वेश्वरय्या आणि त्यांचे सहकारी आहेत. त्याच वर्षी अमेरिकेत लिनाक्लोटाइड या औषधाला मान्यता मिळाली. जुलाबाच्या विषाच्याच घडणीवर बेतलेला हा रेणू बद्धकोष्ठावर दिला जातो, आणि तो घडवणाऱ्या कंपनीत संशोधनाची धुरा मार्क करी यांच्याकडेच होती.

मूत्रपिंडाच्या बाजूची गोष्ट मात्र इतकी सरळ उतरली नाही. २०१२ मध्येच निरोगी माणसांना तोंडावाटे आणि शिरेतून मीठ देऊन तो जुना प्रयोग नव्याने झाला. या वेळी लघवीतल्या मिठात असा फरक दिसला नाही, की ज्यावरून आतड्याचा तातडीचा निरोप मानावा. उंदरात जे दिसतं ते माणसात जसंच्या तसं धरता येत नाही, हे त्या निबंधाने स्पष्ट लिहिलं. त्याच्या लेखकांत लेनर्ड फोर्ट यांचंही नाव आहे.