छावणी, घाट आणि खिंड : उंच पर्वतमार्गांवरील मोटारसायकल प्रवासाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मोटारसायकलवरून हिमालयातील उंच खिंडी ओलांडणे ही गेल्या तीन-साडेतीन दशकांत महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय तरुणांमध्ये रुजलेली हौस आहे. पावसाळ्यात माळशेज घाट आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लेह-लडाख असा तिचा चढता क्रम दिसतो. उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधून निघालेला तरुण शहाडवरून कल्याण-मुरबाड रस्त्याला लागतो आणि काही तासांत सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचतो. पुढे कधीतरी तोच तरुण खारदुंग ला येथील फलकापुढे उभा राहून छायाचित्र काढून घेतो. या प्रवासाविषयी जे लिहिले व बोलले जाते त्यात स्वाराचे धाडस आणि यंत्राचे सामर्थ्य या दोनच गोष्टींना स्थान असते. ज्या रस्त्यावरून हा प्रवास होतो तो कोणी, कधी आणि कशासाठी बांधला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या आधारे या प्रवासाचा ऐतिहासिक विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. लष्करी गरजेतून निर्माण झालेल्या साधनांचे नागरी जीवनात रूपांतर कसे होते आणि त्या रूपांतरात कोणाचे श्रम विस्मृतीत जातात, हे पाहणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे.

छावणीचे शहर

या विचारासाठी उल्हासनगर हे योग्य आरंभस्थान ठरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैनिकांच्या तात्पुरत्या वास्तव्यासाठी लष्करी छावणी उभारण्यात आली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना येथील बराकींमध्ये आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसविण्यात आली आणि तिला 'उल्हासनगर' हे नाव मिळाले. तथापि 'कॅम्प' हा शब्द गेला नाही. आजही येथील पत्ता कॅम्पच्या क्रमांकाने सांगितला जातो. बराकींची घरे झाली, घरांची दुकाने व कारखाने झाले, परंतु भूमीचा मूळ लष्करी आराखडा पत्त्यात टिकून राहिला. युद्धासाठी निर्माण झालेल्या वस्तू शांततेच्या काळात वेगळ्या कामी येतात याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच आढळेल. मोटारसायकल आणि पर्वतमार्ग या दोहोंचा इतिहासही बऱ्याच अंशी असाच आहे.

घाट : शब्द आणि श्रम

मराठीत डोंगर ओलांडण्याच्या वाटांसाठी घाट, खिंड, नाळ, दार असे अनेक शब्द आहेत. लडाखी व तिबेटी भाषेत 'ला' या शब्दाचाच अर्थ खिंड असा होतो. त्यामुळे 'खारदुंग ला खिंड' असे म्हणणे ही द्विरुक्ती ठरते. मराठीतील 'घाट' हा शब्द मात्र केवळ भूगोलाचा राहिलेला नाही. घाट उतरून मुंबईस मजुरीसाठी आलेल्या माणसाला 'घाटी' म्हटले गेले आणि त्या शब्दाला तुच्छतेची छटा आली. वाटेचे नाव श्रमिकाला चिकटले आणि श्रमिकाचे स्वतःचे नाव मागे पडले, असे या शब्दाच्या प्रवासाचे वर्णन करता येईल.

कल्याण बंदर आणि जुन्नर यांना जोडणारा नाणेघाट हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग होता. तेथील लेण्यातील, इ. स. पूर्व पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या शिलालेखात राणी नागनिकेच्या संदर्भात यज्ञ व दाने यांची नोंद आहे. राजकुलातील व्यक्तींची नावेही तेथे कोरलेली आहेत. ज्यांनी कातळ फोडून वाट, लेणे व पाण्याची टाकी खोदली, त्यांचे नाव त्यात नाही. प्राचीन काळात हे अपेक्षितच होते असे म्हणून हा मुद्दा सोडून देता येत नाही, कारण आधुनिक काळातही चित्र फारसे बदललेले दिसत नाही.

बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत वाहतुकीस खुला झाला. त्यानंतर १८५६ ते १८६३ या काळात याच घाटात रेल्वेमार्ग बांधण्यात आला. सुमारे २५ किलोमीटरच्या या चढावर २५ बोगदे खोदावे लागले. १८६१ च्या सुमारास तेथे एका वेळी ४२,००० पर्यंत मजूर काम करीत होते. कॉलरा व अन्य रोगांनी तसेच अपघातांनी त्यांपैकी हजारो दगावले. जानेवारी १८५९ मध्ये मजुरीच्या प्रश्नावरून मजुरांनी उठाव केला होता. त्याच वर्षी कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल यांचे निधन झाले आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राटाची जबाबदारी स्वीकारली. इतिहासात ट्रेडवेल दांपत्याची नावे आहेत, मजुरांची केवळ संख्या आहे. बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराची ही स्मृती, अशी लोकपरंपरा आहे. तिच्या तपशिलाला कागदोपत्री आधार देणे कठीण असले, तरी जे स्थान दप्तराने दिले नाही ते लोकस्मृतीने दिले, हे लक्षणीय आहे.

यंत्राचा मार्ग

मोटारसायकल भारतात हौसेचे वाहन म्हणून आली, तरी तिचा प्रसार युद्धाने केला. दुसऱ्या महायुद्धात संदेशवाहक सैनिकांसाठी बीएसए, नॉर्टन यांसारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या मोटारसायकली मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर सीमेवरील गस्तीसाठी भारत सरकारला खडबडीत रस्त्यांवर टिकेल असे वाहन हवे होते. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात ३५० सीसी क्षमतेच्या ८०० एन्फील्ड बुलेट मोटारसायकलींची मागणी नोंदविण्यात आली. १९५५ मध्ये इंग्लंडमधील रेडिच येथील कंपनी व मद्रास मोटर्स यांच्या सहकार्यातून मद्रास येथे या गाडीच्या जुळणीचे आणि पुढे पूर्ण उत्पादनाचे काम सुरू झाले. रेडिच येथील कारखाना १९६७ मध्ये बंद पडला, मद्रासचे उत्पादन मात्र चालू राहिले. सीमेवरील गस्तीसाठी निवडलेले यंत्र अशा रीतीने प्रथम पोलिसांचे, नंतर दूधवाल्यांचे व गावोगावच्या प्रतिष्ठितांचे आणि अखेरीस पर्यटकाचे वाहन झाले.

उंचीवर यंत्राची जी परीक्षा होते तिचे स्वरूपही समजून घेतले पाहिजे. सुमारे साडेपाच हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत अशा ठिकाणी पेट्रोल पूर्वीइतकेच येते आणि प्राणवायू कमी पडतो. परिणामी प्लग काजळतो, गाडी धुरकट चालते आणि तिची ताकद निम्म्यावर येते. म्हणून अनुभवी स्वार जेट बदलून पेट्रोलचे प्रमाण कमी करीत. २०२० मध्ये भारत स्टेज ६ हे प्रदूषण-मानक लागू झाल्यानंतर नव्या गाड्यांमध्ये इंधन-अंतःक्षेपण प्रणाली रूढ झाली आणि ही अडचण यंत्रानेच बरीचशी सोडविली. माणसाच्या शरीरासाठी मात्र असा उपाय नाही. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेह येथे विमानाने उतरलेल्याला पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावीच लागते. जो स्वार काही तास खिंडीवर थांबतो त्याला जो त्रास होतो, तो सहन करीत रस्त्यावरचा मजूर तेथे महिनोन्महिने घण चालवतो. ही तुलना या विषयाच्या अभ्यासात मध्यवर्ती मानली पाहिजे.

रस्त्याचे राजकारण

पर्वतमार्ग प्रथम सैन्यासाठी आणि नंतर प्रवाशांसाठी, हा क्रम केवळ भारताचा नाही. आज युरोपातील मोटारसायकलस्वारांचे आवडते ठिकाण असलेली आल्प्समधील स्टेल्व्हियो खिंड (२,७५७ मीटर) ऑस्ट्रियन साम्राज्याने १८२० ते १८२५ या काळात लोंबार्डीवरील सत्ता टिकविण्यासाठी रस्त्याने जोडली. हिमालयात हीच प्रक्रिया सव्वाशे वर्षांनंतर घडली.

१ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्या यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याने झोजी ला (सुमारे ३,५०० मीटर) येथे हलके रणगाडे नेले. त्यासाठी मद्रास सॅपर्सच्या तुकड्यांनी आधी पाऊलवाट रुंद करून वाहने जाण्याजोगी केली होती. त्याच वर्षी ८ ते ११ एप्रिल या काळात नौशेरा-राजौरी मार्गावर कारवारजवळील चेंडिया गावचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी शत्रूच्या माऱ्याखाली सुरुंग काढून व अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली. राणे हे खडकी येथे केंद्र असलेल्या बॉम्बे सॅपर्सचे अधिकारी होते. त्यांना हयातीतच परमवीर चक्र प्राप्त झाले. रस्ता मोकळा करणाऱ्याला राष्ट्राने सर्वोच्च सन्मान दिल्याचे हे उदाहरण महाराष्ट्रातील अभ्यासकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मे १९६० मध्ये सीमा सडक संघटनेची स्थापना झाली. १९६२ च्या चीन युद्धाने सीमावर्ती रस्त्यांची निकड स्पष्ट केली. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांसाठी खुला झाला. लडाखमधील रस्त्यांसाठी १९८५ मध्ये 'हिमांक' प्रकल्प सुरू झाला. खारदुंग ला वरील रस्ता १९७६ मध्ये बांधला गेला आणि १९८८ मध्ये सर्वसामान्य वाहनांसाठी खुला झाला. मनाली-लेह मार्ग १९८९ मध्ये नागरी वाहतुकीस मोकळा झाला. या तारखा एकत्र ठेवल्या असता असे दिसते की, हौशी मोटारसायकलस्वाराचा काळ रस्त्यांच्या लष्करी काळानंतर एका दशकाहून अधिक अंतराने सुरू होतो. स्वार हा या खिंडींचा शोधक नाही. तो त्यांचा उत्तराधिकारी आहे.

या रस्त्यांवर काम करणाऱ्यांत झारखंडमधील संथाल परगण्यातून हंगामी मजुरीसाठी येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दुमका येथून लडाखमधील कामासाठी मजुरांची विशेष रेल्वेगाडी सोडण्यात आली, तेव्हा ही वस्तुस्थिती प्रथमच देशभर चर्चेत आली. खिंडीवरील छायाचित्रांत मात्र डांबराची पिंपे दिसतात, ती तापविणारे हात क्वचितच दिसतात.

फलक हा पुरावा आहे काय?

इतिहासाच्या अध्यापकांना उपयोगी पडेल असे एक उदाहरण येथे नोंदवावेसे वाटते. खारदुंग ला येथील फलकावर अनेक वर्षे १८,३८० फूट (५,६०२ मीटर) अशी उंची लिहिलेली होती आणि 'जगातील सर्वांत उंच वाहतूकयोग्य रस्ता' असा दावा होता. उपग्रहाधारित मोजणीनुसार ही उंची सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट आहे. जवळजवळ अडीचशे मीटरची ही तफावत हजारो छायाचित्रांतून आणि प्रवासवर्णनांतून सत्य म्हणून प्रसृत झाली. २०२१ मध्ये उमलिंग ला येथील १९,०२४ फूट उंचीवरील रस्त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली आणि २०२५ मध्ये मिग ला येथे सुमारे १९,४०० फुटांवर रस्ता पोहोचला. 'सर्वांत उंच' हे विशेषण अशा रीतीने सतत पुढे सरकत आहे.

ताम्रपटातील बिरुदावली वाचताना आपण जी सावधगिरी बाळगतो, तीच रस्त्याकडेच्या फलकाबाबतही बाळगली पाहिजे. फलक हे इतिहासाचे साधन निश्चितच आहे. तो लावणाऱ्याला काय सांगावयाचे होते हे त्यातून कळते. त्यातील विधान खरे की खोटे, हे स्वतंत्र पुराव्यानेच ठरते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) उंच खिंडींवरील मोटारसायकल प्रवास ही लष्करी रस्ते आणि लष्करी उपयोगासाठी निवडलेले यंत्र यांच्या नागरी रूपांतरातून निर्माण झालेली घटना आहे. (२) नाणेघाटापासून खारदुंग ला पर्यंत मार्ग बांधविणाऱ्यांची नावे टिकली, परंतु बांधणाऱ्यांची नावे बहुतांशी टिकली नाहीत. राणे यांच्यासारखी उदाहरणे अपवादात्मक आहेत. (३) विक्रमाच्या भाषेमुळे उंचीच्या आकड्याला महत्त्व आले आणि श्रमाचा आकडा दुर्लक्षित राहिला.

३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौलला जाणाऱ्यास ती खिंड ओलांडण्याची गरज उरलेली नाही. झोजी ला खालील बोगद्याचेही काम हाती घेण्यात आले आहे. पुढील काळात खिंड ही वाटेवरची अपरिहार्यता न राहता मुद्दाम जाण्याचे ठिकाण होईल. अशा वेळी तिच्या इतिहासाची नोंद करण्याची निकड वाढते. या कामाची सुरुवात लडाखमध्येच व्हावी असे नाही. दर पावसाळ्यात माळशेजला जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी दरड उपसणाऱ्या मजुरांशी बोलून त्यांचे गाव, मजुरी, कामाचे महिने आणि हत्यारे यांची नोंद त्यांच्या संमतीने केली, तर स्थानिक इतिहासाचे मोलाचे साधन तयार होईल. अध्यापकांनी या नोंदीला प्रकल्पकार्यात गुण द्यावेत. विद्यार्थी त्या रस्त्याने जाणारच आहेत. तो कोणी मोकळा ठेवला, हे विचारण्याची सवय त्यांना लावणे आपल्या हाती आहे.