उत्तर करेलियाचा धडा : आहार आणि हृदयरोग यांचा अलीकडील इतिहास

स्मरणिका हाती आली की विद्यार्थी गुणवंतांची यादी पाहतात, उपवर मुलामुलींचे आईवडील वधूवरसूची चाळतात, आणि आमच्या वयाची माणसे प्रथम श्रद्धांजलीचे पान उघडतात. या पानाची मुद्रिते तपासण्याचे काम गेली अनेक वर्षे आमच्याकडे आहे. नाव, गाव आणि वय एवढाच मजकूर असतो. परंतु ते वय तपासताना लेखणी अडखळते. एखादे वय ८८ असते, ९१ असते. तेथे आपण कृतार्थतेने हात जोडतो. पण त्यांच्याच शेजारी ४६ असते, ४९ असते, आणि खाली 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' हे आता सरावाचे झालेले शब्द असतात. सात वर्षांपूर्वी याच पानावर आमच्या धाकट्या बंधूंचे छायाचित्र होते. वय ५१. विडीकाडीचे व्यसन नाही, अंगयष्टी सडपातळ. भेटीस येणारा प्रत्येक जण म्हणे, "वेळ भरली होती, त्याला कोण काय करणार?" आम्हीही मान डोलावली.

निवृत्तीनंतर वाचनास सवड मिळाली, आणि त्या मान डोलावण्याचा आम्हांस पश्चात्ताप झाला. आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत मुलांना इतिहास-भूगोल शिकविण्यात आमची हयात गेली. म्हणून येथे औषध सांगण्याचा अधिकार आम्ही घेत नाही. इतिहास मात्र सांगता येईल, आणि तो असा की, ज्याला आपण प्रारब्ध म्हणतो त्यातील बराचसा भाग ताटात वाढलेला असतो.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या आतल्या बाजूस चरबीयुक्त थर साचतो, वाट अरुंद होते, आणि तेथे रक्ताची गुठळी होऊन वाट बंद झाली की हृदयाचा तेवढा भाग मरतो; यालाच आपण झटका म्हणतो. पूर्वी हा थर म्हणजे म्हातारपणाचा अटळ परिणाम अशी समजूत होती. १९१३ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय आनिच्कोव्ह या तरुण संशोधकाने, सहकारी सेम्योन खालातोव्ह यांच्यासह, सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले कोलेस्टेरॉल खाऊ घातले. थोड्याच काळात सशांच्या धमन्यांत तसेच थर दिसू लागले. 'ससा गवत खाणारा प्राणी, त्याची गोष्ट माणसाला लागू नाही' असे म्हणून पुष्कळांनी हा प्रयोग बाजूस सारला.

पुढे महायुद्धाने, कोणाचीही इच्छा नसताना, माणसांवरच एक प्रयोग घडवून आणला. १९४० ते १९४५ या काळात नॉर्वे देश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. लोणी, मांस, अंडी यांची टंचाई झाली. लोक मासे, बटाटे व भाजीपाला यांवर राहू लागले. चिंता वाढली, सुख आटले. तरीही रक्ताभिसरणाच्या रोगांनी होणारे मृत्यू घटले, आणि युद्ध संपून जुने अन्न परतताच ते पुन्हा वाढले. १९५१ साली हे आकडे प्रसिद्ध झाले. १९४८ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावी ५,२०९ स्त्रीपुरुषांची नोंद ठेवण्यास प्रारंभ झाला होता. त्यातून वाढलेला रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान हे धोक्याचे घटक असल्याचे दिसून आले. १९५८ पासून ॲन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने सात देशांतील १२,००० हून अधिक पुरुषांचा अभ्यास हाती घेतला. ऑलिव्ह तेल, भाज्या, फळे आणि कडधान्ये खाणाऱ्या क्रीट बेटावर हृदयरोगाने मरणारे अत्यल्प निघाले, तर फिनलंड देशाच्या पूर्व भागात ते सर्वांहून अधिक निघाले. कीज यांच्या निष्कर्षांवर वाद पुष्कळ झाले व अजूनही होतात. परंतु पूर्व फिनलंडमध्ये माणसे फार लवकर मरत होती, याविषयी वाद नव्हता.

आमच्या या लेखाचा खरा विषय तोच प्रांत. त्याचे नाव उत्तर करेलिया. रशियाच्या सीमेलगतचा, अरण्यांचा आणि सरोवरांचा मुलूख. लोकवस्ती त्या काळी सुमारे १,८०,०००. लोक लाकूडतोडे आणि लहान शेतकरी. कष्टाने वाकलेली ही माणसे आळशी मुळीच नव्हती. पण घरोघरी गाई, त्यामुळे लोणी भरपूर. पावावर लोणी, दूध सायीसकट, मांस चरबीसकट, मीठ सढळ हाताने. थंड प्रदेशात भाजीपाल्याची गोडी कोणास नव्हती, आणि निम्म्याहून अधिक पुरुष धूम्रपान करीत. दारिद्र्य पाहिलेल्या त्या लोकांना लोण्याने माखलेला पाव म्हणजे समृद्धीची खूण वाटे. परिणाम असा की, कर्ते पुरुष चाळिशी-पन्नाशीत पटापट जात होते.

येथपर्यंतची कथा आपल्या श्रद्धांजलीच्या पानासारखीच आहे. पुढे मात्र ती वेगळी होते. जानेवारी १९७१ मध्ये त्या प्रांतातील लोकांनी, आपले राज्यपाल व संसद-सदस्य यांच्या सह्या असलेला एक अर्ज फिनलंडच्या सरकारकडे धाडला. मागणी एकच : आमची माणसे मरत आहेत, यावर काही उपाय करा. १९७२ साली काम सुरू झाले आणि त्याची धुरा पेक्का पुस्का या, तिशीही न गाठलेल्या, डॉक्टरच्या खांद्यावर देण्यात आली.

पुस्का यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. रुग्णालये वाढवून हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता, कारण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच अनेकांचा अंत होई. एकेका माणसास उपदेश करूनही ते सुटण्यासारखे नव्हते. कारण सारे घर, सारा गाव, सारी पंगत जे खाते तेच तो माणूस खातो. म्हणून त्यांनी गावच हाताशी धरला. त्या देशात 'मार्ता' नावाची गृहिणींची जुनी संघटना आहे. तिच्या स्त्रियांनी गावोगाव 'दीर्घायुष्याच्या मेजवान्या' भरविल्या. आधी थोडे बोलणे, मग नव्या पद्धतीने शिजविलेले जेवण. लोणी कमी, भाज्या अधिक, मीठ कमी. आणि तरीही चव राखलेली. जेवून उठलेला माणूस पटवून घेण्यास अधिक राजी असतो, हे त्या सुज्ञ स्त्रियांस ठाऊक होते.

विरोधही झाला. प्रांताची उपजीविकाच दूध-लोण्यावर होती. लोणी खाऊ नका म्हणणे हे शेतकऱ्याच्या पोटावर पाय आणण्यासारखे होते, आणि दुग्धव्यवसायाने तसा आवाज उठविलाही. यावर पुस्का व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाद घालीत न बसता तोड काढली. त्या थंड हवेत नानाविध लहान रसाळ फळे उत्तम येतात. काही शेतकऱ्यांना त्यांच्या लागवडीकडे वळविण्यात आले. मोहरीच्या जातीचे तेलबी त्या देशात पिकू लागले व त्याचे तेल लोण्याची जागा घेऊ लागले. मांसपदार्थ बनविणाऱ्यांनी चरबी घटवून त्या जागी अळंबी घातली. दूरदर्शनवर कार्यक्रम झाले, आणि पुढे कोलेस्टेरॉल कोण अधिक उतरवितो याच्या गावागावांत स्पर्धाही लागल्या.

फळ काय मिळाले ते आता सांगतो. प्रारंभी दहांपैकी सुमारे नऊ जण पावावर लोणी लावीत. ते प्रमाण कालांतराने अगदी नाममात्र उरले. पाच वर्षांनंतर, १९७७ पासून, हे कार्य साऱ्या फिनलंडभर पसरविण्यात आले. आणि चाळीस वर्षांच्या अवधीत, पस्तीस ते चौसष्ट या वयाच्या पुरुषांचे हृदयरोगाने होणारे मृत्यू त्या प्रांतात ८० टक्क्यांहून अधिक घटले. या यशात धूम्रपान सुटल्याचा व रक्तदाब उतरल्याचा वाटा आहे, पुढे चांगले उपचार निघाले त्यांचाही आहे. परंतु आहारामुळे कोलेस्टेरॉल उतरले, त्याचा वाटा सर्वांत मोठा मानला जातो. माणसे तीच, रक्त तेच, हवामान तेच. बदलले ते ताट.

आता वाचक विचारतील की, त्या लोणी-मांस खाणाऱ्यांच्या कथेशी आपल्या भाजी-भाकरीच्या घरांचा संबंध काय? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर आपल्याच देशातील संशोधकांनी दिले आहे.

१९६७ साली डॉ. मल्होत्रा या रेल्वेच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी देशभरातील दहा लाखांहून अधिक रेल्वे-कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. उत्तरेकडील, विशेषतः पंजाबातील, माणसे स्निग्ध पदार्थ कितीतरी अधिक खात असूनही, हृदयरोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण दक्षिणेकडे त्यांच्या सातपट आढळले. यावरून तुपाची वाटी तोंडास लावावी असा अर्थ कोणी काढू नये. अर्थ एवढाच की, एका पदार्थावर सारा दोष लादून मोकळे होता येत नाही. ताटातील सर्वच पदार्थ आणि शरीराचे कष्ट यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

दुसरे संशोधन पुण्याचे आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकाचे वजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील बालकाचे ३.५ किलो. परंतु आपल्या बालकाची हाडे व स्नायू जितके उणे होते, तितकी त्याची चरबी उणी नव्हती. दिसण्यात कृश, आत चरबी जपलेले असे हे शरीर. हेच मूल मोठेपणी शहरात येते, बैठे काम करते, पोटभर साखर, मैदा आणि तळलेले खाते. आणि अंगाने सडपातळ असूनही मधुमेह व हृदयरोग यांस लवकर बळी पडते. बावन्न देशांच्या एका अभ्यासात, भारत व शेजारच्या देशांतील रुग्णांस पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतरत्र ५९ व्या वर्षी आल्याचे आढळले. आमचे बंधू सडपातळ होते म्हणून आम्ही निश्चिंत होतो. त्यांचे रक्त एकदाही तपासले गेले नाही. हे वाचले त्या रात्री आम्हांस झोप आली नाही.

या पुण्याच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट निघते, ती आपल्या घरांस लाज आणणारी आहे. मुलाच्या हृदयाचा पाया त्याच्या आईच्या पोटात घातला जातो. आणि आपल्याकडे सून शेवटी जेवते. भाजी संपलेली असते, ताक संपलेले असते, उरलेल्या भाताशी चटणी लावून ती उठते. पन्नाशीतल्या पुरुषाच्या तुपाची चिंता वाहताना गर्भवती सुनेच्या ताटातील भाजी, डाळ व फळ यांची चिंता आपण कधी वाहणार?

तिसरी गोष्ट वनस्पती तुपाची. तेलावर हायड्रोजन वायूची प्रक्रिया करून त्यास घट्ट करण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली. आपल्याकडे 'डालडा' हे नाव १९३७ पासून घरोघरी पोहोचले, आणि स्वस्त पडते म्हणून लग्नकार्यांत त्याच तुपाचे लाडू वळले जाऊ लागले. १९९० साली हॉलंडमधील संशोधकांनी दाखविले की, अशा प्रक्रियेत निपजणारे ट्रान्स-फॅट रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढविते आणि हितकारक कोलेस्टेरॉल घटविते. आपल्या सरकारने तेल-तुपातील त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरवीत जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणले आहे. कायद्याने आपले काम केले. परंतु वर्षातून एकदा भरणाऱ्या आपल्या स्नेहसंमेलनाची पंगत कायदा ठरवीत नाही. ती आपण ठरवितो.

गतवर्षी कार्यकारी मंडळाच्या सभेत आम्ही एक सूचना मांडली होती. संमेलनाच्या जेवणात तळलेले दोन पदार्थ व एक गोड कमी करावे. त्या जागी मोड आलेल्या मटकीची उसळ, कोशिंबीर, ज्वारीची भाकरी आणि ताक ठेवावे. सूचना फेटाळली गेली. "लोक काय म्हणतील? संस्थेला दारिद्र्य आले म्हणतील," असे एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे पडले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. ज्यांनी बालपणी अर्धपोटी दिवस काढले, त्यांना भरलेले ताट हीच प्रतिष्ठा वाटते. उत्तर करेलियाच्या शेतकऱ्यासही लोण्याविषयी नेमके हेच वाटत होते. आम्हांस राग आला नाही. फक्त पुढील स्मरणिकेचे श्रद्धांजलीचे पान डोळ्यांसमोर उभे राहिले.

म्हणून ही सूचना आता आम्ही महिला मंडळापुढे ठेवीत आहोत. त्या दूरच्या प्रांतात जे पुरुषांच्या सभांनी झाले नाही ते गृहिणींच्या मेजवान्यांनी झाले. आपल्या भगिनींनी वर्षातून एक पंगत अशी घालावी. त्याच दिवशी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषाचा रक्तदाब व रक्तातील साखर तपासण्याची व्यवस्था संस्थेने करावी. कोणी शिष्टपणा म्हणतील, कोणी हसतील. हसणारे जेवून गेले की आपोआप विचार करू लागतील.

मुद्रिते तपासण्याचे काम आम्ही आणखी काही वर्षे करू. त्या पानावर माणसे येणारच. मृत्यू कोणास चुकला आहे? परंतु ती ८८ ची यावीत, ९१ ची यावीत. ५१ हा आकडा पुन्हा तपासण्याची वेळ आमच्यावर येऊ नये, एवढीच आमची ज्ञातिबांधव व भगिनी यांच्या चरणी विनंती आहे. इत्यलम्.