मंडईची पहाट आणि वाटेवरचा वाघ

आजचा धागा एका साध्या प्रश्नापासून सुरू करू. पुण्याच्या मंडईत भल्या सकाळी दवात भिजलेली कोथिंबिरीची जुडी हाती येते, ती आदल्या रात्री कोठे होती? उत्तर सोपे आहे. ती रस्त्यावर होती. आणि पुण्याभोवतालच्या रस्त्यांवर रात्र काढणे ही गोष्ट गेल्या चारशे वर्षांत फारशी निर्धास्त कधीच नव्हती.

आज जुन्नर, आंबेगाव, शिरूर या तालुक्यांत रात्री दुचाकीवर निघालेल्या माणसावर बिबट्याने झेप घेतल्याच्या बातम्या वारंवार वाचायला मिळतात. त्याखाली ठरलेली प्रतिक्रिया असते: ‘माणसाने जंगल तोडले, म्हणून वाघ रस्त्यावर आला.’ वाक्य ऐकायला बरे वाटते, पण या प्रदेशाच्या इतिहासावर ताडून पाहिले की ते अर्धेच टिकते. हा धागा उरलेल्या अर्ध्याविषयी आहे.

आधी मंडईविषयी थोडेसे. पेशवाई बुडाल्यानंतर पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. तो उचलून शुक्रवार पेठेत, अष्टकोनी मनोऱ्याच्या दगडी इमारतीत आणला गेला, ते साल १८८६. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणत. नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे याच वास्तूला त्यांचे नाव मिळाले. इतिहासाला विनोदबुद्धी असते ती अशी. आज घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आहे. पण मंडई काय नि यार्ड काय, पहाटेच्या बाजाराचा नियम एकच: माल रात्री निघाला पाहिजे.

आता मागे जाऊ, पुणे ओसाड पडले होते त्या काळात. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे बेचिराख केले. त्याच सुमारास १६३०-३२ चा भीषण दुष्काळ पडला. गावे उठली, शेते पडीक झाली, पांढरीवर झुडपे माजली. जिजाबाई आणि बाल शिवाजीराजे पुण्यास आले तेव्हा दादोजी कोंडदेवांनी जहागिरीची घडी बसवायला घेतली. तेव्हा त्यांनी मावळ्यांना बक्षिसे देऊन लांडगे मारवले, असे बखरीत सांगितले आहे. बखरीतील प्रत्येक तपशील शब्दशः घेऊ नये, हे आपण याआधीच्या धाग्यांत बोललो आहोतच. तरी हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. लागवड वाढवायची तर आधी शेतकऱ्याला शेतापर्यंत जाता आले पाहिजे, आणि त्यासाठी वाट निर्भय हवी, हे त्या कारभारात कोणाला तरी नेमके कळले होते.

त्या वेळी जनावर माणसाच्या वाटेवर आले ते शेते रिकामी झाल्यामुळे. हे ध्यानात ठेवा. पुढे याच्या बरोबर उलटे घडणार आहे.

एक सूचना जुने कागद वाचणाऱ्यांसाठी. मराठीत ‘वाघ’ हा शब्द फार ऐसपैस आहे. पट्टेरी वाघ तो वाघच, आणि बिबळ्याही वाघच. घाटमाथ्यावरचा म्हातारा आजही ‘काल वाघ आला होता’ म्हणतो तेव्हा तो बिबट्याविषयी बोलत असतो. नेमकेपणा हवा असेल तेथे ‘ढाण्या वाघ’ किंवा ‘पट्टेरी’ म्हणतात. त्यामुळे जुन्या कागदात ‘वाघाने माणूस नेला’ असे आले, की लगेच पट्टेरी वाघाचे चित्र रंगवू नये. पुणे परगण्याच्या पूर्वेकडील उघड्या माळावर खरे भय लांडग्याचे, पश्चिमेच्या डोंगरांत वाघाचे, आणि बिबट्याला दोन्हीकडे मज्जाव नव्हता.

मग लोक प्रवास करीत कसे? त्या काळाची व्यवस्था पाहिली की थक्क व्हायला होते, कारण तीत शस्त्राचा वाटा अगदी थोडा आहे. पहिला उपाय सोबत. लमाणांचे तांडे शेकडो बैलांवर धान्य आणि मीठ लादून घाट चढत. एकट्यादुकट्याने घाट ओलांडणे हा अविचार मानला जाई. निरोप घेऊन जाणारे जासूदही जोडीने धाडत. पेशवाईच्या पत्रांत ‘जासूद जोडी’ हा शब्द वारंवार भेटतो. त्यामागे चोराचिलटाचे, आजारपणाचे, नदीच्या पुराचे अशी अनेक भये असणार, आणि श्वापदाचे भय त्यांत आलेच. दुसरा उपाय आवाज: बैलांच्या गळ्यातील घुंगुरमाळा, गाडीवानाच्या आरोळ्या. तिसरा उजेड: आसाखाली टांगलेला, चाकांच्या तालावर हिंदकळणारा कंदील. आणि चौथा, सर्वांत मोठा उपाय मुक्काम. दिवसाची चाल म्हणजे ‘मजल’. ती संपली की गावाच्या पारावर, चावडीत, धर्मशाळेत पथारी पडे. हडपसरचा ‘गाडीतळ’ आज बसचा आणि वाहतूककोंडीचा थांबा म्हणून ठाऊक आहे. गाड्यांचा तळ पडण्याची ती जागा होती, हे नावच सांगते.

इंग्रजी अमदानीतील टपालाच्या हरकाऱ्याची गोष्टही हीच. त्याच्या भाल्याला घुंगरू बांधलेले असत. जंगलाच्या टापूत त्याच्यासोबत मशालजी आणि वाद्य वाजवणारा माणूस दिला जाई. आपण येत आहोत हे जनावराला आधी कळवायचे, म्हणजे ते वाटेतून बाजूला होते, असा हा हिशेब होता.

पाचवा उपाय श्रद्धेचा. भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंधा घाटात वाघजाईचे देऊळ आहे. पावसाळ्यात तुमच्यापैकी कित्येक जण तेथे मोटारसायकली लावून गरम भजी खातात. ते देऊळ घाटातच का, याचा विचार करून पाहा. सह्याद्रीत वाघजाई आणि वाघोबा यांची ठाणी बहुधा खिंडीत, घाटवाटेवर, शिवेवर आढळतात; म्हणजे जेथे माणसाचा मुलूख संपतो तेथे. आमच्या विषयात याला सांस्कृतिक भूगोल म्हणतात. वाटसरूच्या लेखी मात्र ती खूण होती: येथून पुढे सावध. महादेव कोळी, ठाकर, वारली या समाजांत आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळतात, तीत वाघोबाला नैवेद्य दाखवतात. वाघ नाहीसा व्हावा असे तेथे कोणी मागत नाही. त्याने आपल्या वाटेने जावे, आम्ही आमच्या, असा तो करार आहे.

हा करार मोडला एकोणिसाव्या शतकात. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, पुढे रेल्वे आली, आणि सरकारच्या दृष्टीने श्वापद हा दळणवळणाचा व लागवडीचा शत्रू ठरला. मारलेल्या जनावरामागे इनाम लागले. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात इनामासाठी ८० हजारांहून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले, हा आकडा शालेय पाठ्यपुस्तकातही आहे. दादोजींच्या लांडग्यांपासून या आकड्यापर्यंतचे अंतर संख्येचे आहे तसे हेतूचेही. तेथे एक उजाड जहागीर वसवायची होती. येथे एका साम्राज्याला सगळा मुलूख निर्वेध हवा होता. तरीही रस्ते निर्भय झाले नाहीत. १९१८ ते १९२६ या काळात केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर रुद्रप्रयागच्या एका बिबट्याने सव्वाशे माणसे मारली, आणि अंधार पडताच तो सगळा रस्ता चिडीचूप होई.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली. त्याच दशकांत कुकडी प्रकल्पाची धरणे बांधली जात होती: येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे. बाजरीच्या रानात पाणी आले, पाण्यामागे ऊस, उसामागे साखर कारखाने. ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो. आत गारवा, आडोसा, जवळ पाणी, आणि माणसाचा वावर नाममात्र. बिबट्याच्या मादीला पिले घालायला याहून सुरक्षित जागा कोठली? खायचाही प्रश्न नव्हता. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातील वजनाचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. कुत्री कोठे जमतात? उकिरड्यावर, ढाब्यामागे, रस्त्याकडेला. बिबट्या तेथे का येतो, याचे बरेचसे उत्तर यात आहे.

१६३० मध्ये लांडगा आला तो शेत ओस पडल्यामुळे. विसाव्या शतकाच्या अखेरीस बिबट्या आला तो शेत दाट झाल्यामुळे. उसात जन्मलेल्या बिबट्याला ‘जंगलातून आलेला’ म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. तो तेथला रहिवासी आहे. जुन्नरच्या वनविभागाने याची किंमत मोजली. बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. १९९३ ते २००१ दरम्यान वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१ ते २००३ मध्ये ती सरासरी सतरावर गेली. हा निष्कर्षही अत्रेय आणि सहकाऱ्यांच्याच संशोधनाचा. अनोळखी मुलखात सोडलेले, भेदरलेले जनावर अधिक धोकादायक ठरते, हे त्या वर्षांनी शिकवले.

या उसाच्या मुलखात मोटारसायकल आली. आधी दुधाच्या कॅनांनी दोन्ही बाजूंनी लगडलेली राजदूत, मग हिरो होंडा, मग घरटी एक. जुन्या प्रवासाच्या व्यवस्थेतले काय काय गळाले ते पाहा. सोबत गेली: दुचाकीवर एक, फार तर दोन. मुक्काम गेला: नारायणगाव ते पुणे हे पाऊणशे किलोमीटर बैलगाडीला मजल-दरमजल करीत जावे लागे, आता दोन तासांत होते. उजेड आहे, पण तो एका दिशेचा. आवाज आहे, पण वेग इतका की तो जनावरापर्यंत पोचून त्याने बाजूला व्हावे, एवढी उसंत उरत नाही.

हिशेबच मांडू. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून हात ब्रेकवर दाबला जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर २५ मीटर तेथेच संपले. थांबायला आणखी वीसेक. खालच्या प्रकाशझोतात नीट दिसते ते ३०-४० मीटर. म्हणजे रानडुक्कर दिसले, तेव्हाच धडक ठरून गेलेली असते. बिबट्याच्या झेपेची बातमी होते, कारण तीत थरार आहे. माझ्या मते दुचाकीस्वाराला अधिक भय आडव्या येणाऱ्या रानडुकराचे, सांबराचे, भेकराचे, आणि बिबट्यापुढे पळत सुटलेल्या कुत्र्याचेही असावे. झेपेपुरते बोलायचे तर, पळत्या वस्तूमागे धावणे हा मार्जारकुळाचा स्वभाव. त्यात उसाच्या कडेला पिले असली तर मादी अंगावर येऊ शकते.

भय दोन्ही बाजूंना असते, याची आठवण पुणेकरांना ९ डिसेंबर २०२० ला झाली. कोथरूडच्या वस्तीत एक रानगवा शिरला. हजारो डोळे, शेकडो मोबाइल, पाठलाग, आणि अखेर पकडल्यावर तो दगावला. त्या दिवशी रस्त्यावर जीव मुठीत धरून पळत होता तो गवा होता.

पण दुचाकीस्वार रात्री उसाच्या रस्त्यावर असतो तरी का? बाजाराची वेळ हे एक कारण, दूध हे दुसरे. तिसरे कारण शहरातल्या वाचकाला बहुधा ठाऊक नसते: शेतीपंपाची वीज. ती पाळीपाळीने मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी मध्यरात्री गाडीला किक मारतो आणि पाणी धरायला एकटा उसात जातो. त्या एका फेरीत जुन्या काळचे चार नियम एकदम मोडतात.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला. त्यांत दोन लहान मुले होती. संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. नरभक्षक ठार करा, ही तेव्हाची मोठी मागणी. या पट्ट्यात वर्षानुवर्षे होत असलेली दुसरी मागणी मात्र मथळ्यात क्वचित येते, ती म्हणजे शेतीला दिवसा वीज. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. ज्या गावी ती पोचली, तेथे पाणी धरण्याची फेरी उजेडात येते. मंडईची गाडी मात्र रात्रीच निघते.